मांड्यांवरचा उजेड

हा आजार छातीचा, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. त्यात पायांचाही वाटा असतो हे कळायला फार वेळ गेला, आणि कळलं तोवर मी इतकी दमले होते की त्याचं मला काही वाटलंसुद्धा नाही.

माझे यजमान बोटीवर होते. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये त्यांचा जन्म गेला. खाली उकाडा, तेलाचा धूर आणि कान किटवणारा आवाज. वर आलं की सिगारेट. मी इथे रत्नागिरीत टेलिफोन खात्यात नोकरीला. वर्षातले बरेचसे महिने घरात मी आणि मुलगी. ते सुट्टीवर आले की पहिले काही दिवस घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं. चहात साखर किती, हेही मी त्यांना एकदा विचारलं होतं. पुढे ते निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली, मागोमाग मीही रिटायर झाले. आता दोघं मिळून जरा हिंडू-फिरू असं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात त्यांचा खोकला सुरू झाला आणि तो गेलाच नाही.

छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हा साधा दमा नव्हे. सिगारेटी आणि धूर, दोन्हींनी मिळून फुप्फुसं खाल्लीत. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळायचं." दोन पंप लिहून दिले, ते कसे ओढायचे ते दाखवलं, आणि सिगारेटचं नाव काढायचं नाही म्हणाले. यांनी त्या दिवसापासून खरंच सोडली. पण सिगारेट सोडली म्हणून श्वास काही परत मिळाला नाही.

अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय असतं, ते सांगून कळत नाही. सकाळी शर्टाची एक बाही घातली की थांबायचं. दम खाल्ला की दुसरी बाही. आंघोळीला स्टूल. जेवताना बोलायचं नाही, बोलताना चालायचं नाही. त्यांच्या एकेका वाक्याच्या मध्ये मी हातातलं काम घेऊन उभी असायची, वाक्य पुरं होईपर्यंत. रात्री झोपले तरी माझा एक कान त्यांच्या श्वासावर. आमचं घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली उतरणं कमी होत होत एक दिवस बंदच झालं. मग ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडे जाणाऱ्या बर्फाच्या गाड्या बघायचे. गाडीतून पाणी गळत जायचं, त्याची ओली रेघ रस्त्यावर सुकेपर्यंत त्यांचं लक्ष तिकडेच.

औषध सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी अडुळशाचा काढा सांगितला, कुणी कसलंसं माशाचं तेल, कुणी कोल्हापूरकडचा एक वैद्य. मी सगळं केलं. केलं नाही असं पुढे कुणी म्हणू नये म्हणूनच निम्मं केलं असेल.

एकदा तपासणीला गेलो असताना डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. त्यांना उठता येईना. डॉक्टरांनी लगेच एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती दापोलीकडची, आंब्याच्या बागायतदाराची मुलगी. बोलणं चटपटीत, पण हात सावकाश. तिनं यांची मांडी दोन्ही हातांनी दाबून बघितली. मीही बघितली तेव्हा. एके काळी बोटीच्या लोखंडी शिड्या दिवसभर चढणारे ते पाय. आता पायजम्यात काही आहे की नाही असं वाटत होतं.

ती म्हणाली, "काका, दम लागतो म्हणून तुम्ही बसून राहता. बसून राहिलात की मांड्यांचे स्नायू झडतात. झडलेले पाय लवकर थकतात, आणि थकलेला पाय जास्त हवा मागतो. ती कुठून आणणार? मग पुन्हा दम. हे चक्र आपण पायाकडून तोडायचा प्रयत्न करूया."

"पायाकडून?" हे म्हणाले. "आजार वरच्या मजल्यावर आणि तू तळमजला रंगवणार?"

ती हसली. मी नाही हसले.

व्यायाम तर होताच: पायाला वाळूची पिशवी बांधून तो उचलायचा, सायकलवर बसून पॅडल मारायचं, चालायचं. पण त्याच्या आधी ती एक नवीन गोष्ट करणार होती. कमरेच्या दुखण्याला बांधतात तसे दोन रुंद पट्टे, आणि त्यांच्या आतल्या बाजूला बारीक दिव्यांच्या रांगा. तिनं ते यांच्या दोन्ही मांड्यांना गुंडाळले आणि बटण दाबलं. पट्ट्याच्या कडेतून लाल उजेड बाहेर आला. पायजमा वर सरकवलेला, मांड्या लालभडक. देवळात कधीकधी मखराला लावतात तसल्या माळा असाव्यात असं ते दिसत होतं.

"लाल दिसतोय तो एक," ती म्हणाली, "आणि दुसरा उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो जरा आत जातो. स्नायूंच्या पेशींना त्यानं काम करायला बळ मिळतं असं मानतात. व्यायामाच्या आधी दिला तर पाय उशिरा थकतात, असा काहींचा अनुभव आहे. काहींना फरक पडत नाही. यावर अजून अभ्यास चालू आहे. आणि एक आधीच सांगते, काकू, यानं फुप्फुसं सुधारणार नाहीत. नंतर मला बोल लावू नका."

इतकं खरं बोलणारं माणूस या आजारात मला प्रथमच भेटत होतं. पण त्याचं कौतुक करायलाही अंगात त्राण नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त एवढंच आलं की आता आठवड्यातून तीनदा यांना जिना उतरवायचा, रिक्षा बोलवायची, तिथे बसायचं, परत आणायचं आणि जिना चढवायचा. काढे निदान घरात उकळत होते.

तरी जाऊ लागलो. जिना उतरताना मी पुढे, ते मागे, हात माझ्या खांद्यावर. त्या हाताचा भार मला अजून आठवतो. तिथे पोचलो की पहिला बराच वेळ नुसता दम खाण्यात जायचा. मग पट्टे. पट्ट्यांची ऊब लागली की यांना डुलकी लागायची. मी समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, पिशवीत पंप, पाणी, टॉवेल, डबा. भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं एक चित्र होतं, कातडी सोलून काढलेलं. ते मला पाठ झालं.

सुरुवातीचे काही आठवडे काहीच झालं नाही. घरी आले की ते बिछान्यावर पडायचे आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची. एकदा मी तिला म्हटलंसुद्धा, "अगो, यांना नेण्या-आणण्यातच जास्त व्यायाम होतोय, तो तू कुठे धरतेस?" ती म्हणाली, "तोही धरतेय मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि काकू, तुमचं कसं आहे?"

हा प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "माझं काय, मी बरी आहे." आणि रिक्षात बसल्यावर उगीचच यांच्यावर खेकसले, पिशवी नीट धरा म्हणून.

मग एक दिवस असं झालं. आदल्या रात्री त्यांना बरं नव्हतं, माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते पट्टे बांधून पडले होते, पंखा फिरत होता, आणि मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपले. जाग आली तेव्हा समोरचा पलंग रिकामा. पट्टे गुंडाळून बाजूला ठेवलेले. सायकलवर कुणी नाही. मी उठले तशी मांडीवरची पिशवी खाली पडली, डबा लादीवर आपटला.

"हे कुठे गेले?" मी ओरडले.

आतून ती धावत आली. "काकू, घाबरू नका. बाहेर गेलेत. आमचे मदतनीस भाऊ आहेत बरोबर."

मी बाहेर आले. फाटकाच्या बाहेर, रस्त्यापलीकडे एक शहाळेवाला बसतो. तिथे बाकड्यावर हे बसले होते, हातात शहाळं, शेजारी तिथला मदतनीस. यांनी रस्ता ओलांडला होता. घरातून गॅलरीत जायला ज्यांना भिंत धरावी लागत होती त्यांनी.

मी जवळ गेले. "सांगून जायला काय झालं होतं?"

"तू झोपली होतीस," ते म्हणाले.

"उठवायचं मग!"

त्यांनी श्वास घेतला, ओठ शिट्टीसारखे करून सावकाश सोडला, तसंच तिनं शिकवलं होतं. मग म्हणाले, "किती दिवसांनी झोपली होतीस गो."

शहाळेवाल्यानं न विचारताच माझ्या हातात एक शहाळं दिलं. मी ते प्यायले. मला रडू आलं नाही, राग आला होता, आणि तो नेमका कशाचा हे शहाळं संपलं तरी मला ठरवता आलं नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. उजेड घेऊन व्यायाम केल्याच्या दिवशी ते जिना चढताना एकदाच थांबत. न घेता तसेच परत आलो, म्हणजे वीज गेली किंवा मशीन बिघडलं तर, पूर्वीसारखंच पायरी-पायरीला. हे उजेडामुळे, की त्या मुलीच्या बोलण्यामुळे, की त्यांच्या मनानं घेतलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही. मी तिला विचारलं तर तीही म्हणाली, "एका माणसावरून नाही सांगता येत, काकू. पण काकांचे पाय भरतायत, हे टेप लावून बघितलंय मी."

त्याच सुमाराला संगमेश्वरहून भाच्याचा फोन आला. यांची थोरली बहीण, माझी नणंद, तिकडे आतल्या एका गावात दिलेली. यांची आई लवकर गेली. या बहिणीनंच यांना कडेवर वाढवलं, आणि लग्न होऊन गेली तेव्हा हे तिच्या बैलगाडीमागे धावत गेले होते, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. आता तिची ऐंशी जवळ आलेली. गुडघे गेलेले. घराबाहेर पडणं तिचंही बंद. भाचा म्हणाला, "मामा, आई सारखी तुमचं नाव काढते. गेल्या भाऊबीजेला ताट वाढून ठेवलंन तुमच्या नावाचं. यायला जमेल का?"

अडचण एकच होती, पण मोठी. त्यांचं घर डोंगराच्या उतारावर. गाडी खाली पऱ्ह्यापर्यंत जाते, त्या ओढ्यावरचा साकव ओलांडला की वर घरापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. चांगल्या माणसाचाही वर पोचेपर्यंत ऊर फुलतो. भाचा म्हणाला, "आम्ही चौघं मिळून खुर्चीवरनं वर नेतो तुम्हाला."

"मला खुर्चीतून नेणार?" यांचा आवाज चढला आणि लगेच खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "उचलून न्यायची वेळ यायचीच आहे. आत्ताच कशाला?"

फोन ठेवला. पुढच्या खेपेला पट्टे बांधून पडलेले असताना त्या मुलीला म्हणाले, "मला एक पाखाडी चढायचीय."

तिनं सगळं विचारून घेतलं. पायऱ्या किती उंच, मध्ये बसायला जागा आहे का, सावली आहे का. मग म्हणाली, "नाही म्हणत नाही मी. पण चढायलाच पाहिजे असं मनात धरून जाऊ नका. चढताना श्वास सोडायचा, थांबून घ्यायचा. बोलायचं नाही. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा काकू बघतील आणि काकू बस म्हणाल्या की बसायचं. त्या दिवशी मी लवकर येऊन उजेड देते, तो घेऊन थेट निघा. किती वेळ टिकेल याची खात्री देत नाही."

डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ते आधी नको म्हणाले, मग म्हणाले, पाऊस नाही, थंडीही फारशी पडलेली नाही, तब्येत स्थिर आहे, जा. मार्गशीर्ष होता तेव्हा.

भाड्याची गाडी केली. सकाळी पट्टे बांधून झाले आणि तिथूनच निघालो. हातखंब्याला महामार्गाला लागलो. रस्त्याचं काम किती वर्षं चालू आहे देव जाणे, धूळ उडत होती. मी काचा बंद करायला लावल्या आणि यांच्या तोंडाला ओला रुमाल धरला. माझं मन त्या वाटेवर सारखं म्हणत होतं की कशाला निघालो, मी का हो म्हटलं, काही झालं तर लोक मलाच विचारतील. ते मात्र बाहेर बघत होते. कापणी झालेली भातशेतं, उडव्या रचलेल्या, मधूनच एखाद्या वाडीचं कौलारू छप्पर. बोटीवर असताना म्हणे ते कापणीच्या या दिवसांत गावाची आठवण काढायचे. मला हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, खुणेनं आणि अर्ध्या अर्ध्या शब्दांत.

साकवापाशी भाचा आणि त्याची बायको उभी होती. खुर्चीही आणलेली होती, पण लांब ठेवलेली, यांना दिसू नये अशी. मला दिसली. यांनाही दिसलीच असणार.

चढायला लागलो. एक पायरी, श्वास बाहेर. पुन्हा एक. पायरी कुठे निखळलेली, कुठे फुटलेली, कुठे गवत. मी मागे, भाचा पुढे. मला नवल वाटत होतं ते त्यांच्या पायांचं. गुडघा दुमडत होता आणि सरळ होत होता, थरथर नाही. पहिल्या वळणावर बसलो. यंत्रावरचा आकडा ठीक होता. दुसऱ्या वळणावर बसलो, तिथे पोफळीची सावली होती. आकडा खाली आला होता, पण थांबल्यावर पुन्हा वर चढला. यांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. सुट्टीवर येताना रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरायचे तेव्हाचं.

मग साधारण निम्म्यावर एका फणसाखाली पायऱ्या सलग उंच होत्या. तिथे चारेक पायऱ्या चढले आणि थांबले. हात फणसाच्या बुंध्यावर. ओठ निळसर. मी म्हटलं, "बस. बसा."

बसले. पंप दिला. आकडा वर यायला या वेळी फार वेळ लागला. पुन्हा उठायला गेले तेव्हा मी खांदा दाबून धरला. त्यांनीही जोर केला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पाय तयार आहेत गो. छाती नाही म्हणते."

भाचा हळूच म्हणाला, "खुर्ची आणू का, मामा?" त्यांनी नुसती मान हलवली. नको. आणि परत खाली जायलाही उठेनात. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. वर घर दिसत होतं, अंगणातली तुळससुद्धा. एवढं जवळ येऊन मागे फिरायचं, मला वाटलं आता हे कायम यांच्या उरात राहणार, आणि ते उचलायचं कामही पुन्हा माझंच.

तेवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर नणंदबाई अंगणातून पाखाडीवर आलेल्या. पायऱ्यांवर बसल्या होत्या आणि बसल्या बसल्याच खाली सरकत होत्या. दोन्ही हात मागे टेकायचे, एक पायरी खाली. लुगडं धुळीनं भरलेलं. नातसून मागून ओरडत होती, "अहो आजी, पडाल!" आणि त्या म्हणत होत्या, "पडले तर खालीच पडेन, तिकडंच जायचाय मला!"

भाचा धावला. त्यांनी त्याला झिडकारलं. सरकत सरकत आमच्यापासून दोन पायऱ्यांवर आल्या आणि थांबल्या. आता त्यांनाही धाप लागली होती. दोघं भावंडं एकमेकांकडे बघत नुसती धापा टाकत बसली.

मी वाकून पाया पडले. "वन्स, कशाला आलात एवढ्या?"

"मग काय करू? हा वर येत नाय." मग भावाकडे बघून म्हणाल्या, "काय रं? बोटीवरनं सगळी दुनिया फिरलास नि माझ्या पाखाडीला हरलास?"

"हरलो, आक्का," ते म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. यांच्या गालावरून, हनुवटीवरून फिरवला. "किती वाळलास रं बाबा. हाडं लागतात हाताला." मग हात खाली नेऊन यांची मांडी चाचपली. "पाय बरे हायेत."

"पायांना उजेड देतात," हे म्हणाले.

"कसला उजेड?"

मग मी समजावून सांगितलं. पट्टे, लाल दिवे, न दिसणारा उजेड. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "हातभर वर, छातीला का नाय देत मग?"

नातसुनेनं वरून घावणे आणि चहा आणला. पायरीवरच ताटली ठेवून दोघांनी खाल्लं. त्यांनी घावण्याचा तुकडा मोडून यांच्या तोंडात घातला, आणि मग पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली. भाऊबीज केव्हाच होऊन गेली होती, पण त्यांनी तिथंच यांना टिळा लावला. ओवाळायला निरांजन नव्हतं, नुसता हात फिरवला. गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई वर जात होती, तिला वाट द्यायला आम्ही सगळे एका अंगाला सरकलो. ती थांबून म्हणाली, "हितं काय बसलाव, आजी?" नणंदबाई म्हणाल्या, "भाव आलाय माझा." ती "बरं बरं" म्हणून गेली.

तिथे बराच वेळ बसलो. आईची कसली तरी आठवण निघाली, कालवणात घालायच्या सोलांवरून त्यांचं थोडं वाजलंही. मग त्या म्हणाल्या, "आता दोघांपैकी कुणीबी ही पाखाडी करायची नाय. बास झाली." हे मान हलवून हो म्हणाले. दोघंही हे अगदी शांतपणे बोलले.

परत वर जायचं तर वन्संना चढणं शक्यच नव्हतं. यांच्यासाठी आणलेली खुर्ची शेवटी त्यांच्या कामाला आली. नातवंडांनी उचलली तशा त्या त्यांना शिव्या देत निघाल्या, हळू रे मेल्यांनो, तिरकी धरू नका, मी काय भाताचं पोतं हाय? हे इतके हसले की मला पुन्हा पंप काढावा लागला. मग हे आपले आपण खाली उतरले. गाडीत बसल्यावर साकव मागे पडेपर्यंत वर बघत होते.

त्या रात्री ते झोपले. मीही झोपले.

याच्यापुढे सगळं चांगलं झालं असं सांगता आलं तर बरं झालं असतं. पावसाळ्यात त्यांच्या छातीत संसर्ग झाला. इस्पितळात राहिले, नाकाला नळी, हाताला सुई. घरी आणलं तेव्हा मांड्या पुन्हा पूर्वीसारख्या. कमावलं होतं ते सगळं त्या खाटेवर संपलं. श्रावणात संगमेश्वरहून फोन आला की वन्स गेल्या, झोपेतच. यांना नेणं शक्य नव्हतं. मी एकटी गेले. परत आले तेव्हा ते गॅलरीत बसले होते. मी सांगितलं, सगळं नीट झालं. त्यांनी विचारलं, "पाऊस होता?" मी म्हटलं, नव्हता. होता खरं तर, भरपूर होता.

गणपतीनंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेच पट्टे, तोच लाल उजेड, तीच खुर्ची. ती मुलगी म्हणाली, "काका, पुन्हा भरतील पाय. वेळ लागेल." आता जिना उतरताना ते तीनदा थांबतात. रस्ता ओलांडत नाहीत अजून. आमची मुलगी ठाण्याहून येऊन गेली, तिनं एक बाई लावून दिली. आठवड्यातून एकदा ती बाई यांना घेऊन जाते आणि मी घरी राहते. सुरुवातीला त्या दिवशी मी घर आवरायची. आता नाही आवरत.

परवा मी बरोबर गेले होते तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत एक नवीन बाई बसली होती. देवरुखकडची. तिचे यजमान चिऱ्याच्या खाणीत होते, धुळीनं छाती गेलेली. त्यांना पहिल्यांदाच पट्टे बांधले होते. ती त्या लाल उजेडाकडे टक लावून बघत होती. मांडीवर गच्च धरलेली पिशवी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मला तिची रात्र कशी गेली ते विचारावं लागलं नाही.

तिनं हळूच विचारलं, "बाई, यानं गुण येतो का हो?"

मी जरा विचार केला. म्हटलं, "पायांना येतो. थोडा. छातीला नाही येत."

"मग चालू ठेवू?"

"ठेवा," मी म्हटलं. "आणि जेवणाचा डबा घेऊन येत जा. इथे वेळ लागतो."